पांघरुणाचं वजन

पडदे शिवणाऱ्या बाईची एक तक्रार सगळ्या गल्लीला पाठ होती. नवरा झोपेत तिच्या अंगावर हात टाकायचा. "हात कसला, ओंडका आहे ओंडका! जीव घुसमटतो माझा," असं ती गिऱ्हाइकांसमोरसुद्धा बिनदिक्कत सांगायची. नवरा ट्रक चालवायचा. तो नुसता हसायचा, आणि रात्री पुन्हा तेच.

तो गेला आणि बाईची झोपही गेली. पडल्या पडल्या छातीत धडधडायचं. दिवसा मशीनवर डोळे मिटायचे आणि टीप वाकडी जायची. शेवटी मुलीने एक जड पांघरूण आणून दिलं. त्याला चौकोनी कप्पे होते आणि कप्प्यांत काचेचे बारीक मणी. अंगावर सगळीकडे सारखा भार आला की मन शांत होतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

पुढच्या खेपेला मुलगी आली, तेव्हा आईचा चेहरा झोप झाल्यासारखा दिसत होता. मुलगी पांघरुणाची घडी घालायला गेली, तर बाकीचे सगळे कप्पे रिकामे. मधोमध तेवढा एक हातभर लांब पट्टा मण्यांनी टच्च भरलेला.

"आई, हे खराब निघालं गं. बदलून आणते."

"काही नको. मीच उसवून शिवलंय."

आईने तो पट्टा कमरेवर आडवा ठेवून पाहिला आणि कात्री उचलली.

"दोन मुठी मणी काढायला हवेत. इतका काही जड नव्हता त्यांचा हात."