पवईच्या पाण्यातला प्राणवायू

मॅडमनी माझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं, "बघते" म्हणाल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. प्रबंध लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे अंधेरीच्या आमच्या कॉलेजात कुणी शिकवत नसे. आधीच्या मुलांची बाडं चाळायची आणि तसंच आपलं बांधायचं. मी पवईच्या तलावाचं पाणी घेतलं होतं. सगळे म्हणत, पाण्याखालच्या गवतानं तलावाची वाट लागली आहे. माझे आकडे उलटं सांगत होते. जिथे गवत दाट, तिथेच पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर. म्हणजे गवत तलावाला मारत नव्हतं, जगवत होतं. हे मान्य झालं तर मॅडम माझं नाव संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी पाठवणार होत्या. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती आणि ते दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पण माझा शोध मात्र त्यांनी वाकोल्याच्या आमच्या आख्ख्या चाळीला सांगून ठेवला होता.

मॅडम पुढे काही बोलेनात. मग एक दिवस वर्गातली एक मुलगी, पवईलाच राहणारी, काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन प्रयोगशाळेत शिरली. तसल्याच बाटल्या मी तलावावर नेत असे.

"कुठलं पाणी गं?" मी विचारलं.

"तुझ्याच तलावाचं. मॅडमनी आणायला सांगितलंय."

"मला नाही बोलल्या."

"मला वाटलं तुला माहितीये, यार."

मला सगळा डाव कळला. शोध माझा आणि नाव हिचं. हिचे वडील इंजिनिअर, माझे घरी बसलेले. मी तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि माझं काम तिला दिलंत का, असं तोंडावर विचारलं. त्या पेपर तपासत होत्या.

"तुझं खरं असेल तर तिलाही तेच सापडेल," त्या म्हणाल्या. "प्रबंधात लिहिलेलं दुसऱ्या कुणालाही करून बघता आलं पाहिजे. नाही सापडलं, तर का नाही ते तू शोध."

तिला नाही सापडलं. तिच्या आकड्यांत गवताकडचं पाणी जवळजवळ मेलेलं होतं. कॉलेजच्या आधी, उजाडतानाच पाणी भरते, असं ती सांगे. मला ते अजिबात पटलं नाही. अंथरुणात बसून आकडे लिहीत असणार, दुसरं काय! तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी एकदा तिच्याआधीच पवई गाठली. ती खरंच आली. तिने बाटल्या भरल्या, मीही तिच्या शेजारी उभी राहून भरल्या. कॉलेजात येऊन मोजलं तर माझा आकडा तिच्याहूनही कमी.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मग जुने आकडे पुन्हा बघताना लक्षात आलं की मी नेहमी उन्हं चढल्यावरच तलावावर जात होते. पहाटे आमच्या चाळीत नळ येई. आई त्याआधीच एका घरी पोळ्या लाटायला जायची आणि पाणी भरल्याशिवाय मला निघता येत नसे. उन्हात गवत पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. हे शाळेच्या पुस्तकात असतं. मला ते येतही होतं, पण आपल्या आकड्यांवर संशय घ्यावा असं कधी मनात आलं नव्हतं. बाकी सगळ्यांवर घेऊन झाला होता.

मॅडम म्हणाल्या, "आता पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचं पाणी घे. आणि आधीचं का फसलं तेही लिही." शिष्यवृत्तीचं विचारायचं मला धाडस झालं नाही. पहिल्या वाचनातच त्यांनी सगळं ओळखलं होतं, असा संशय मला आजही आहे.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की माझा शोध चुकीचा निघाला.

"त्या बायेन तुका गंडवल्यान," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. गिरणी गेल्यापासून जगात कोणीतरी कोणालातरी गंडवतंय, एवढंच त्यांना दिसे.

"नाही बाबा. माझं पाणीच चुकीच्या वेळेचं होतं. पहाटे जायला पाहिजे होतं."

"मगे गेलंस कित्याक नाय?"

ताटं मांडणारी आई थांबली आणि तिने पिंपाकडे बघितलं. त्या दिवशी मी पहाटेच बाहेर पडल्यामुळे पिंप कोरडं होतं आणि शेजारणीनं दिलेल्या एका कळशीवर आमचं भागलं होतं. मला बाबांचा फार राग आला होता. तरीही खरं कारण त्यांना सांगवेना.

बाबांनी मान वळवून कळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते खाटेवर उठून बसले.

"नळ किती वाजता येता गो?" त्यांनी विचारलं.

माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्या चाळीत राहत होते.