भाऊजींच्या विमानातलं निरभ्र आकाश

धुतलेल्या चादरींच्या घड्या अर्ध्यावर आल्या होत्या, तेवढ्यात भाऊजी दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, ताईचं विमान सुटलं का हो?"

"केव्हाच. फोनही बंद आहे. का?"

ते घडी केलेल्या चादरींवरच बसले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सोफे आणि गाद्या शिवतात. मागच्या खोलीत त्यांचं विमान आहे. विमान म्हणजे विमान उडवायचा खेळ असलेला संगणक, मोठा पडदा आणि जुन्या मोटारीची सीट. खरं विमान त्यांनी आतून पाहिलेलं नाही. घरातले त्यांना कॅप्टन म्हणून चिडवतात आणि ते खुशाल ओ देतात.

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. त्यांची लेक समुद्रापलीकडे असते, आणि तिचे दिवस भरत आलेले. इकडे नणंदबाईंचे विमानाच्या नावानेच हातपाय गार. दोनदा तिकीट रद्द झालं. तेव्हा कॅप्टन म्हणाले, "ताई, महिनाभर माझ्या खुर्चीत बस. धक्क्यांची सवय करून देतो."

खेळातले मूळचे धक्के अगदीच खोटे होते, सगळे एकसारखे, मिक्सरवर बसल्यासारखे. भाऊजींनी खटपट करून ते बदलले. आता एक मोठा हेलकावा येई, मग जरा शांत, मग पोटात खड्डा पडावा तसं खाली, मग एक पंख कलणार. सीटखालची मोटरही त्याच हिशेबात हलायची. पहिल्या दिवशी नणंदबाईंनी माझं मनगट लाल केलं. पुढे त्याच खुर्चीत बसून बाळाचा स्वेटर विणू लागल्या. पडद्यावर ढग दिसला की स्वतःच सांगायच्या, "आला बरं का."

"मग आता झालं काय?" मी विचारलं.

"मी धक्के फक्त ढगांत घातलेत. आत्ता आमच्या या खेळवाल्यांच्या ग्रुपवर एकाने सांगितलं की स्वच्छ आकाशातही हलतं, आणि चांगलं सणकून. मी ताईला छातीठोकपणे सांगितलंय, ढग नाही तर धक्का नाही. आता तिला वाटेल विमानच बिघडलं. वहिनी, ती पुन्हा विमानात पाय ठेवायची नाही."

मी उठले आणि देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, देवा, वाटेत भरपूर ढग असू देत. मग माझं मलाच वाटलं, हे काय भलतंच मागतेय. म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर, फक्त त्यांना धीर दे.

संध्याकाळी फोन आला. नणंदबाईंचा आवाज खणखणीत. "पोचले गं. मध्ये चांगलंच हललं."

भाऊजींनी फोन जवळजवळ हिसकावलाच. "ढग होता का?"

"असणारच. शेजारणीने खिडकी बंद करून घेतली होती, मला काय दिसतंय? ती बिचारी थरथरत होती. म्हटलं, घाबरू नका, ढग आहे, जाईल आत्ता. गेला की. आणि खरं सांगू? तुझे धक्के याहून वाईट आहेत रे."

भाऊजी कितीतरी वेळ नुसते हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, आज राहू दे तिचा आनंद. परतीच्या आधी खरं काय ते सांगतो."

"सांगाच," मी म्हटलं. मलाही दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली.

भाऊजी मग चहा पिऊन, दवाखान्यातल्या बाकाची शिवलेली गादी पोचवायला गेले.