धाकटीचे अकरा ईसीजी

कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची सख्खी बहीण, मोठी, तिथेच शिवलेल्या कपड्यांच्या तपासणीच्या टेबलावर होती. धाकटी कटर. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूची रेघ मारायची आणि विजेवर चालणारं उभं पातं त्या रेघेवरून न्यायचं. तिने कापलेली बाही कधी परत आली नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, कारखान्याच्या वहीत आहे.

ती जन्मली तीच हृदयात दोष घेऊन. पाचव्या वर्षी छाती उघडून तो दुरुस्त केला. डॉक्टर म्हणाले, "पोरगी छान आहे, पण दरवर्षी दाखवायला आणा." घरच्यांनी 'छान आहे' एवढंच ऐकलं. 'पण'च्या पुढचं ऐकायला आपल्याकडे वेळ कुणाला असतो?

पहिली चालून आलेली नोकरी ईसीजीने घालवली. तिच्यासारख्या दुरुस्त केलेल्या हृदयाची रेघ बहुतेकदा जरा रुंदच येते. तिथल्या साहेबाने ती पाहिली आणि फाइल मिटली. "हार्ट पेशंट नको." म्हणून या कारखान्याच्या वेळी मोठी म्हणाली, "ईसीजीला मी झोपते."

"आणि पकडलं तर?"

"छातीवर काय नाव लिहिलेलं असतं? पडद्याआड कोण बघतंय! पाच मिनिटं पडायचं, तुझ्या नावाची सही ठोकायची, घरी."

पुढे कारखान्याची दरवर्षी आरोग्य तपासणी. दरवर्षी मोठी अर्धी रजा टाकून समोरच्या लॅबमध्ये धाकटी होऊन झोपायची, आणि धाकटी इकडे कापड कापायची. संध्याकाळी मोठी कागद नाचवायची. "बघ बाई, तुझं हृदय एक नंबर!" दोघी पोट धरून हसायच्या. आणि हसता हसता धाकटीला ते खरं वाटायला लागलं. कागद साफ म्हणजे आपण साफ. हृदयाच्या डॉक्टरकडे ती फिरकलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी धडधड सुरू झाली. "छातीत कोंबडी सोडल्यासारखं होतं," तिने कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं. ऑपरेशनचं मात्र बोलली नाही, बोलणार कशी? त्याने फाइल उघडली. "तुझी रेघ माझ्यापेक्षा साफ आहे. डोक्याला ताप कमी करून घे." झोपेच्या गोळ्या दिल्या. छातीला नळी लावायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

एका दुपारी पातं चालू असतानाच ती कोसळली. शेजारणीने झेप घालून बटण बंद केलं म्हणून हात वाचले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी छातीवरचा व्रण पाहिला. म्हणाल्या, "जुन्या टाक्यांभोवती विजेचा प्रवाह गोल गोल फिरायला लागतो, मग ठोके सुटतात. लहानपणी ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांना मोठेपणी हे होतं. तुमचे जुने ईसीजी आणा. रेघ कशी रुंदावत गेली ते कळलं, तर औषधावर भागेल की छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवायचं, ते ठरवायला मदत होईल."

धाकटीने अकरा कागद पुढे ठेवले. बाईंनी दोनच उलटले. "हे कुणाचे? ही रेघ ऑपरेशन झालेल्या हृदयाची नाही."

धाकटीने खरं सांगितलं. बाईंनी ते अहवालात लिहिलं, अहवाल कारखान्यात गेला आणि चौकशी लागली. कामगाराला सोबत एक माणूस नेता येतो, म्हणून युनियनतर्फे मी गेलो.

व्यवस्थापकाने आधीच निरोप दिला होता. तिच्या जागी ईसीजीला झोपलेली बाई स्वतःहून पुढे आली तर घरचा मूर्खपणा समजून दोघींना ताकीद, आणि धाकटीला तपासणीचं बैठं काम. नाहीतर बनावट कागदांबद्दल बडतर्फ. म्हणजे सगळं मोठीच्या एका 'हो'वर होतं. आदल्या दिवशी मोठी माझ्यासमोर म्हणाली होती, "सांगेन ना गं. माझ्याच डोक्यातून निघालं ते." पण एक तारखेपासून मोठी तपासणीची सुपरवायझर होणार होती, हे मला चौकशीच्या खोलीत कळलं.

मी कागद आपटले. "या ईसीजीवर वेळ छापलीय दहा चाळीस. त्याच वेळी ही बाई तुमच्या वहीत टेबलावर हजर आहे. अकरा वर्षं तुमच्या डॉक्टरने सह्या मारल्या. वाचलं एकदा तरी?"

व्यवस्थापक हसला. "म्हणजे दुसरं कुणीतरी होतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. कोण होतं?"

सगळ्यांनी साक्षीला बोलावलेल्या मोठीकडे पाहिलं. तिने पदर नीट केला. "मला काय माहीत साहेब? तिचा कारभार तिलाच ठाऊक."

मी मोठीच्या रजांची वही मागितली. ती म्हणे सापडत नव्हती.

"ताई," धाकटी म्हणाली, "मग आत्ता काढ तुझा ईसीजी. जुळवून बघू दे यांना."

"मी कशाला? मी काय पेशंट आहे?"

बडतर्फीचा कागद चार दिवसांनी आला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र बसवायचं ठरवलं. "खरे कागद असते तर कदाचित थांबून पाहिलं असतं. आता अंदाजावर तुमचा जीव टांगून ठेवणार नाही." धाकटीने मान डोलावली.

ऑपरेशनच्या सकाळी मोठी आली, थर्मास घेऊन, डोळे सुजलेले. सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आली. "नातेवाइकाची सही कोण करणार?"

मोठीने पेन घ्यायला हात पुढे केला.

"तिची नको," धाकटी म्हणाली. "माझ्या नावाची सही तिने खूप वेळा केलीय."

"अगं, मी माझ्याच नावाची करतेय," मोठी म्हणाली. "बहीण म्हणून."

"चौकशीत करायची होती." धाकटीने फॉर्म स्वतःकडे ओढला, आपली सही केली आणि सिस्टरकडे दिला.

"पण नात्यातलं कुणी..."

"कुणी नाही."

सिस्टरने एकदा मोठीकडे पाहिलं. मग नातेवाइकाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि धाकटीची चाकाची खुर्ची पुढे ढकलली.