अनुभव : निरंक

"उंची पाच फूट चार इंच. वर्ण गहूवर्णी."

छोटे शेट माहा कागद हातात धरून मोठ्यानं वाचून राह्यले होते. पांढरकवड्याच्या रोडवरची जिनिंग, कापसातून सरकी काढाचा कारखाना. ऑफिसात चार जण खुर्च्यायवर बसेल होते. मोठे शेट, त्यायचं पोरगं छोटे शेट, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब अन् एक मुनीम काका. पाचवी खुर्ची रिकामी होती. मी उभा होतो. बस म्हणून कोणी म्हटलं नाही.

"मामाचे गाव नेर. रक्तगट बी पॉझिटिव्ह." छोटे शेट थांबले. कागद उलटा करून मांगची बाजू पाह्यली. "बाबूजी, हे नोकरीले आले का सोयरीक घेऊन आले?"

ग्रेडर साहेब म्हणे, "अपेक्षा काय लिहिली ते वाचा ना."

"अपेक्षा, अनुरूप."

मुनीम काकानं टेबलावर डोकं टेकवलं. पोट धरून हसला बिचारा.

मी पण हसलो. हे लिहाले पायजे. मी त्यायच्यासंगं हसलो.

"अन् हे वर गणपती? तुमच्यात कधीपासून?"

"कागदावर पहिलेपासून होता, साहेब."

आणखी हसले. मले हसवता येते. शाळेत हेडमास्तरची चाल, मशिदीतल्या हाफिजजींची शिंक, एसटीच्या कंडक्टरची घंटी, सारं करत होतो. मार खाल्ला तं मारणाऱ्याची नक्कल. माह्या खिशात तेवढंच होतं.

आता कागदाचं सांगतो. घाटंजीले स्टँडजवळ बंडूभाऊचं डीटीपीचं दुकान आहे. पोरापोरींचे बायोडाटे टाइप करू करू त्यानं अर्ध्या तालुक्याचे लग्न जुळवले. आमच्याकडं बायोडाटा म्हणजे लग्नाचाच. नोकरीचा वेगळा असते हे बंडूभाऊले ठाऊक नव्हतं अन् मलेही नव्हतं. नाही, मले ठाऊक व्हाले पायजे होतं. कॉलेजात यवतमाळहून एक सर आलते, प्रभावी रेझ्युमे कसा लिहावा ते सांगाले. दोन घंटे बोलले. मी मांगच्या बाकावर टाय ओढल्यासारखा गळा ओढत होतो, "स्वतःचं मार्केटिंग करता आलं पाहिजे!" पोरं तोंडात रुमाल कोंबून हसले. सरची नक्कल मले आजही पाठ आहे. सर काय बोलले, त्यातला दुसरा शब्द ध्यानात नाही.

तं बंडूभाऊनं कोण्या वाणसावंगीच्या पोराचा जुना बायोडाटा उघडला अन् त्याच्यात माहं नाव घातलं.

"गणपती काढू का गा?" मंग तोच म्हणे, "काढला तं सारं वर सरकते."

"राहू द्या भाऊ. देवच आहे."

कुलदैवताच्या जागी त्यानं रेघ मारली. वडिलांचा व्यवसाय गादी-रजई. छंद म्हणून मीच नक्कल सांगतलं. मंग शेवटी विचारलं, "अनुभव?"

मी लय विचार केला. "काहीच नाही."

"निरंक टाकतो. सरकारी कागदावर तसंच असते."

दिसाले भारी दिसला तो शब्द.

जिनिंगमध्ये छोटे शेट त्या ओळीपर्यंत आले. "वडील गादी-रजई. म्हणजे पिंजारी का?"

"हाव."

तवापर्यंत मी 'तुमी' होतो. मंग म्हणे, "तुले नक्कल येते का? कर."

कोणाची करू? तिथं जे चौघं बसले होते त्यायची करता येत नव्हती. मंग जो तिथं नव्हता त्याची केली. अब्बाची.

अब्बाचं पिंजण, कापूस पिंजाची मोठी कमान, सायकलच्या दांड्याले बांधेल राह्यते. गावोगाव फिरते. तात छेडली का तुंई वाजते. मी पाठ वाकवली, हवेत पायडल मारले, आवाज लावला, "गादीऽऽ रजईऽऽ, तुंईऽऽ तुंई." भुवयांवरचा कापूस पुसला. हसले. मंग हसू कमी व्हाले लागलं. तवा मी खोकला टाकला.

कोणी मांगतला नव्हता तो. मीच टाकला.

अब्बाचा खोकला तीन टप्प्यात येते. पहिले नुसता खाकरा. मंग लंबा, कमरेतून. मंग श्वास अडकते अन् हात भिंत शोधते. मी तिन्ही केले. भिंत नव्हती, म्हणून रिकामी खुर्ची धरली. मोठ्या शेटच्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून.

"उद्यापासून ये," ते म्हणे. "ग्रेडर साहेबाच्या हाताखाली."

बोंडअळीचं साल होतं. जिनिंग हप्त्यातून तीन दिवस चाले. हमालं घरी बसून होते. अशा टायमाले मले काम लागलं. मायनं शेजारपाजारी साखर वाटली.

काम म्हणजे, गाडी आली का ढिगातून कापूस काढून ग्रेडर साहेबापुढं ठेवाचा. अन् पाहुणे आले का आवाज येये, "ए बायोडाटा, इकडं ये. अब्बा कर." तेच नाव पडलं होतं. कागद छोट्या शेटच्या टेबलात वरच राहे. पहिले तो दाखवत, मंग मले.

मी करो. किती डाव केला, ध्यानात नाही. लोक विचारतात, वाईट वाटलं असन. नाही वाटलं. काहीच वाटत नव्हतं. बधिर झालेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं. घरी जेवाले बसलो का अब्बा खोकले, अन् मी घास हातात धरून ऐको. दुसरा टप्पा माह्यापेक्षा लंबा होऊन राह्यला, उद्या लंबा करा लागन. असं माह्या डोक्यात येये. बाप खोकलून राह्यला अन् पोरगं ताल पाहून राह्यलं.

एक दिवस हैदराबादकडून गिरणीचा खरेदीदार आला. टेबलावर अजून सरकी न काढेल कापसाचा नमुना ठेवला. ग्रेडर साहेब म्हणे, एकदम वाळेल माल. मी बाजूले उभा होतो. हातानं आपोआप एका बोंडाचा कापूस उचलला, त्यातली सरकी काढली अन् दातानं फोडली. वाळेल सरकी कट् वाजते. ही नाही वाजली. दबली नुसती.

"ओला आहे," माह्या तोंडून निघालं.

ग्रेडर साहेबानं माह्याकडं पाह्यलंही नाही. "तुह्या कागदावर अनुभव काय लिहिला आहे, बायोडाटा?"



"निरंक," तेच म्हणे.

सारे हसले. खरेदीदारही हसला. छोटे शेट म्हणे, "जाऊ दे. साहेबाले अब्बा करून दाखव."

मी पाठ वाकवली. तोंड उघडलं. तर जिभेवर सरकीचं टरफल. ही सरकी दातात धराले मले कोणं शिकवलं? सहा वर्षाचा होतो. अब्बानं मले ढिगावर बसवलं होतं. स्वतः एक फोडली, मंग माह्या तोंडात एक ठेवली. म्हणे, "सुन. कापूस बोलता." त्या दिवशी मी संध्याकाळलोक सरक्या फोडत होतो.

त्याच तोंडातून मी त्याचा खोकला काढून राह्यलो होतो.

पाठ सरळ केली.

"काय झालं?" छोटे शेट म्हणे.

"नाही करत."

"काहून?"

"नाही करत, साहेब."

"मंग तुले ठेवलं कायले?"

मले वाटे, ग्रेडरच्या हाताखाली ठेवलं. त्या घडीले समजलं. मी टरफल तळहातावर काढलं, टेबलावर ठेवलं. "माहा कागद द्या."

"कायले?"

"चुकीचा आहे."

त्यायनं दिला. वरच तं होता.

घरी आलो तवा अब्बा अंगणात उन्हात रजई शिवून राह्यले होते. मी समोर बसलो अन् सांगून टाकलं, का तुमचा खोकला मी जिनिंगमध्ये करून दाखवत होतो.

"मालूम है," अब्बा म्हणे. "हमाल लोगां बोले." दाभण रजईत घातली, तिकडून ओढली. "अच्छा करता क्या?"

"हाव," मी म्हटलं.

मंग ते रजई संपेपर्यंत शिवत राह्यले. मीही उठलो नाही.

त्या कागदाची मांगची बाजू कोरी होती. तिच्यावर पेनानं लिहिलं. अनुभव पहिले लिहिला, नावाच्याही आंधी. सहा वर्षाचा होतो तवापासून कापूस हातात आहे. सरकी फोडून ओल सांगतो. चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगतो. पहिल्या वेच्याचा कापूस अन् शेवटची फरदड डोळे मिटून वेगळी करतो. कोणाजवळ शिकलो, वडिलांजवळ. उंची लिहिली नाही. वर्ण लिहिला नाही.

बंडूभाऊकडं नेला. गणपतीले हात जोडून त्यानं तो काढला. सारं वर सरकलं.

"सरकू द्या," मी म्हटलं.

"अन् छंद?"

"तो राहू द्या. नक्कल."

तो कागद घेऊन तीन जिनिंगवर गेलो. दोन ठिकाणी गेटवरूनच वापस. तिसऱ्या ठिकाणी आत बोलावलं. माही कीर्ती माह्या पहिले तिथं पोचली होती. शेट खुर्चीत मांगं रेलले. कागद हातात होता, वाचला नव्हता.

"तूच का तो? अब्बा करून दाखवणारा? कर."

"नक्कल करतो," मी म्हटलं. "अब्बा नाही."

त्यायच्या हातातला कागद घेतला. रिकामी खुर्ची ओढली, तिच्यावर बसलो. मांगं रेललो. कागद दूर धरला, एक भुवई वर केली अन् त्याच्यावर आता नसेल ते छोट्या शेटच्या आवाजात मोठ्यानं वाचलं, "उंची पाच फूट चार इंच. वर्ण गहूवर्णी." मंग कागद उलटा करून मांगची बाजू पाह्यली.

कोणी हसलं नाही. शेटचा चेहरा पाह्यला. बरोबर जमली होती.

उठलो. कागदाची घडी केली. चौथी जिनिंग दोन कोस होती, पायीच निघालो. नोकरी लागो का न लागो. आता नक्कल करीन तं खुर्चीत बसेल माणसाची. उभ्या माणसाची नाही.