गिरणीच्या पट्ट्यावरची जाळी

अन्याय झाला तो सुरेखाताईंवर. खंडेनवमीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, सेलू तालुक्यातल्या एका गावच्या पिठाच्या गिरणीत. ज्वारी ओतताना त्यांचा पदर मोटारीच्या पट्ट्यात गेला. सोडवायला हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. सुरेखाताई ब्लाऊज शिवून घर चालवतात. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन लवकर झालं तर कात्री धरता येईल. नाहीतर बोटं अशीच आखडतील.

गाव म्हणालं, नशीब!

मी वकील आहे, सेलूच्या कोर्टात दोन वर्षं झाली. नशीब हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. फिरत्या पट्ट्यावर जाळी नव्हती. याला कायद्यात निष्काळजीपणा म्हणतात, आणि दिवाणी कोर्टात त्याची भरपाई मागता येते.

सुरेखाताईंनाच पटेना. "मॅडम, पदर मीच खोचला नव्हता. माझीबी चूक हायच की."

"असेल. तेवढी भरपाई कमी होईल. गिरणीवाल्याची चूक त्यानं पुसली जात नाही."

गिरणीमालकाला नोटीस पाठवली. उत्तर आलं: जाळी होती, पाटी होती, बाईच बेपर्वा. मी दावा लावण्याआधी तडजोडीसाठी विधी सेवा समितीकडे अर्ज केला. समितीनं दोन्ही बाजूंना बोलावलं. गिरणीवाले अप्पा आले तेच तणतणत.

"वकीलबाई, मी मुद्दाम केलं का? लेकीसारखी हाय ती मला."

"मुद्दाम केलं असं कोण म्हणायलंय? निष्काळजीपणाला इरादा लागत नाही, अप्पा. काळजी घ्यायला पाहिजे होती, ती घेतली नाही, एवढंच बघतात."

"पाटी लावलीय की ठळक! मशीनजवळ येऊ नये."

"मग दळण वर कोण ओततं?"

"ज्याचं त्यानं. मी ओतलं की बाया भांडत्यात, आमच्या ज्वारीत गहू मिसळला म्हणून. लय वर्षांचा रिवाज हाय."

अप्पांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. रोज बाया पट्ट्याशेजारी उभ्या राहतात, हे अप्पांनीच सांगून टाकलं होतं. ज्याला धोका दिसतो, किंवा दिसायला हवा, त्याच्यावर काळजीची जबाबदारी येते. माणसांना मशीनजवळ बोलावून भिंतीवर "येऊ नका" लिहिलं, म्हणून ती झटकता येत नाही.

राहिली जाळी. मी मोबाईल पुढे केला. खंडेनवमीच्या पूजेचा फोटो, अप्पांच्याच स्टेटसवरचा, शेजारणीनं जपून ठेवलेला. मोटारीला झेंडूचा हार, चाकाला हळदकुंकू. जाळी मात्र मागं भिंतीला टेकवलेली.

अप्पांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "पुसायला काढली होती. लावू लावू म्हणलं अन् राह्यलं."

समितीच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "जाळी असती तर पदर आत गेला असता का?"

"न्हाई."

या "न्हाई"लाच कायद्यात कारणसंबंध म्हणतात. चूक झाली एवढ्यानं भागत नाही. इजा त्याच चुकीमुळं झाली, हेही दाखवावं लागतं.

त्याच बैठकीत समझोता लिहिला गेला. ऑपरेशन आणि बुडालेली शिलाई अप्पांकडं. पदर खोचला नाही म्हणून थोडी वजावट. ऑपरेशन वेळेत झालं. मागच्या आठवड्यात सुरेखाताईंनी माझा ब्लाऊज कापला. गळा किंचित तिरका आलाय. मी तोच घालून कोर्टात जाते.

यातून मी शिकले ते साधं आहे. दुष्ट माणसं क्वचित भेटतात. "राह्यलं" म्हणणारी रोज भेटतात, आणि बोटं त्यांच्यापायीच जातात.

आता तुम्ही. पुढचं दळण न्याल तेव्हा पट्ट्याकडं बघा. जाळी नसेल तर कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही घ्या. मग "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही. सही देत नसेल तर डबा उचला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगूनच बाहेर पडा.