अप्पा खोली खाली करून घेतात

भाडेकरूला बाहेर काढायची एवढी हौस आणि त्याच कामी एवढी नालायकी एका देहात नांदताना मी फक्त आमच्या घरमालकांतच पाहिली. निजामाच्या साऱ्या मुलखात धुंडाळलं तरी असं ध्यान दुसरं सापडायचं नाही. बीडच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि मागच्या आळीतल्या पाच-सहा खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या होत्या. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि हातात शेरभर वजनाचं कुलूप. सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशी भाड्याचा विषय काढायचा नाही, अमावास्येला नाही, कुणी जेवत असेल तर मुळीच नाही. उरलेल्या दिवशी मात्र आळीच्या तोंडापासूनच गर्जत येत, "आज खोली खाली करून घेतल्याबिगर जात न्हाई." आणि दारात पोचले की हळूच विचारत, "लेकराचा खोकला कसा हाय?"

कापसाचा भाव कोसळला आणि मी जिथे कापूस तोलायचो ती जिनिंग बंद पडली. आमचं भाडं थकलं. एक महिना, दोन, मग पाच. अप्पा दर महिन्याला कुलूप घेऊन हजर. पण त्यांच्या घराण्याचा एक दंडक होता: चूल गरम असलेल्या घराला कुलूप घालायचं नाही. म्हणून ते आधी चुलीपुढे बसत, राखेवर हात धरत आणि "ऊब हाय अजून" म्हणत गूळ-पाणी घेऊन परत जात. आमची मंडळी हुशार. राखेखाली निखारा झाकून ठेवायला ती कधी विसरली नाही.

सहाव्या महिन्यात अप्पांसोबत त्यांचा पुतण्या आला. त्याने आगाऊ भाडं देणारं दुसरं बिऱ्हाड बघून ठेवलं होतं. आणि नेमकी त्या दिवशी चूल गार होती, कारण आदल्या दिवसापासून शिजवायला काही नव्हतंच. माझं गाव शिरूर, तिथे प्यायच्या पाण्याची मारामार. लेकरं घेऊन जायचं कुठे? अप्पा बसले. राखेत हात घातला. मग एकदम हात ओढून घेत बोटांवर फुंकर घालायला लागले.

"लई तापलीय. आज जमायचं न्हाई."

"पण काका, राख तर..."

"हात माझा भाजला का तुझा? चल बे."

संध्याकाळी ते एकटेच आले, खांद्यावर पायलीभर ज्वारी घेऊन. "खोली माझी, चूल बी माझीच हाय. ती कावून इझू दिली तुमी?" असं म्हणून मंडळींवर चांगलेच रागावले. ती पदरात तोंड घालून रडली, आणि मीही रडलो.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. वर्षभरात थकलेलं भाडं फिटलं आणि अप्पांना आमच्याकडे यायला कारणच उरलं नाही. घर सुनं वाटायला लागलं. मग आम्ही दर महिन्याचं भाडं मुद्दाम चार दिवस अडवून ठेवायचो. ते गर्जत यायचे, लेकरं दाराकडे धावायची.

मागच्या श्रावणात अप्पा गेले, लिंगैक्य झाले. आता भाडं पुतण्या घेतो, आणि आम्ही ते पहिल्या तारखेलाच नेऊन देतो.