यंत्र म्हणालं, विका

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. नवरा सरकारी कचेरीत होता. त्याच्या एका मित्राने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. रविवारी क्लास बंद असे आणि किल्ली आमच्याकडे. चपला दाराबाहेर काढायच्या, एसी लावायचा आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटेपर्यंत गप्प बसून राहायचं. जळगावच्या मे महिन्यात नुसत्या त्या एसीसाठीसुद्धा मी रोज गेले असते.

तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर होते. सोन्याच्या पेढीवर, एसटीत, केळीवाल्यांच्या गप्पांत. नवऱ्यालाही ओढ लागली.

"कुणी सांगितलं म्हणून घ्यायचं नाही," मी म्हणाले. "आपण एक नियम करू. मग तो सांगेल तसं."

नियम साधा होता. भाव मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं. मी तो बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. आठवडाभराचे पेपर मांडीवर घेऊन मी भाव वाचायची आणि नवरा एका बोटाने टाइप करायचा. मध्येच वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत "घ्या" किंवा "विका" यायचं आणि आम्ही थर्मासमधला चहा ओतायचो. इतकाच खेळ, पण मला अख्खा आठवडा त्या दुपारची वाट बघण्यात जायचा.

असं बरेच महिने नुसतं लुटुपुटीचं चाललं. मग प्रश्न आला, हे खरोखर करायचं का? छंद म्हणून, थोडंसं? तेवढ्यात माझे वडील, आबा, धुळ्याहून आले. त्यांना कौतुकाने क्लासवर नेलं. कापूस पिकवणारा माणूस, धोतर सावरून फिरत्या खुर्चीत बसले आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"बठ्ठं मशीनच सांगस, मंग तुमनं काम काय शे?"

"त्याचं ऐकायचं, एवढंच आमचं काम, आबा," नवरा म्हणाला.

"ते जमी का तुमले?" आबा म्हणाले आणि हसले.

उन्हाळ्याच्या तोंडी आम्ही दलालाकडे जाऊन पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. यंत्रानेच सांगितलं होतं. पण त्याच कंपनीचा पंखा आम्हाला लग्नात आहेर आला होता, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याखाली झोपायचो. भाव चढला की नवरा वर बघून म्हणायचा, "आपली कंपनी."

पावसाळ्यातल्या एका रविवारी पडद्यावर "विका" आलं.

नवऱ्याने पेपर पुढे ओढले. मग तो म्हणाला, "आकडा चुकला असेल." पुन्हा पेपर उघडले, पुन्हा भरलं. तेच उत्तर.

"सरासरीचे आठवडे जरा वाढवून बघ ना," तो म्हणाला.

मी वाढवले. या वेळी "विका" आलं नाही. आम्ही खूश झालो आणि चहा ओतला. कप हातात असतानाच मला ओशाळल्यासारखं झालं.

"अहो, आता आपणच त्याला सांगतोय काय म्हणायचं ते."

त्याने कप खाली ठेवला. "पुढच्या वेळीही आपण हेच करणार," तो म्हणाला.

"हो."

"मग नको."

सोमवारी त्याने दलालाकडे जाऊन शेअर विकायला दिले आणि पुन्हा काही घेतलं नाही. त्यानंतर कित्येक महिने पेपर हातात आला की तो हळूच भावांचं पान उलगडायचा. मला दिसायचं, मी विचारत नसे.

शेअर विकले त्याच्या पुढच्याच रविवारी क्लासवर जायचं नव्हतं, आणि जेवणं झाल्यावर दोघांनाही काय करावं ते सुचेना. मग मेहरूण तलावाकडे फिरायला निघालो. कोळशावर भाजलेली कणसं घेतली आणि काठावर बसलो. बऱ्याच दिवसांनी तो कचेरीतल्या गमती सांगत होता. त्याचा साहेब फोनवर कसा बोलतो याची त्याने इतकी हुबेहूब नक्कल केली, की शेजारी बसलेलं अनोळखी कुटुंबही हसायला लागलं.